सल्लाबंदी: भद्रावती ते चंद्रपूर

सर्व लहानथोर प्रवाशांना, रोजच्या अप-डाऊनवाल्यांना, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना आणि तो रुमाल उचलून बिनधास्त बसणाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज, आत्ता, या क्षणापासून या गाडीत कुणीही कुणाच्याही चेहऱ्यावर काय लावावे याविषयी सल्ला देऊ नये. सल्ला देताना कुणी आढळल्यास गाडी जिथे असेल तिथे उभी करण्यात येईल, आणि सल्ला मागे घेतल्याशिवाय ती एक वीतभरही पुढे सरकणार नाही. हुकुमावरून.

ही घोषणा मी केली. भद्रावतीच्या स्टँडवर, सकाळच्या गाडीत, स्टिअरिंगकडे पाठ करून, एक हात छातीवर आणि दुसरा हवेत ठेवून. हुकूम कुणाचा, असं एकानंही विचारलं नाही. आवाज भारदस्त असला की लोक असले प्रश्न विचारत नाहीत, हे मला रंगभूमीनं शिकवलंय.

रंगभूमी म्हणजे आमची झाडीपट्टीची. मी मूळचा आरमोरीजवळच्या एका खेड्यातला. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून त्यात मी राक्षस आहे. एकदाही राजपुत्र नाही, साधा सेनापतीसुद्धा नाही. कारण माझे गाल. सतराव्या वर्षी माझ्या तोंडावर जे उठलं, ते तीन वर्षं बसलं नाही. आईनं राख लावली, काकानं चुना लावला, एका पाहुण्यानं लिंबू पिळलं. पुळ्या गेल्या आणि खड्डे राहिले. तालीम मास्तरांनी माझा आवाजही ऐकला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "हा आपला राक्षस. रंगवाले लागत नाई याले." सगळे हसले, मीही हसलो. पुढे त्या राक्षसानं मला टाळ्या इतक्या मिळवून दिल्या की माझी काही तक्रार नाही. फक्त राजपुत्राचे संवाद मला आजही तोंडपाठ आहेत, एवढं सांगून ठेवतो.

पोटासाठी मी सरकारी लाल बस चालवतो. भद्रावती ते चंद्रपूर, चंद्रपूर ते भद्रावती. शस्त्रकारखान्याच्या कॉलनीतले लोक, कोळसा खाणीवाले, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या. वर्षानुवर्षं तीच तोंडं. कुणाच्या घरी काय शिजलं, हे डब्याच्या वासावरून मला सांगता येतं.

त्या गाडीवर मार्च महिन्यात नवीन कंडक्टर आली. सिरोंचाकडची पोरगी, वय तेवीस-चोवीस. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज असा की ताडाळीला हाक मारली तर चंद्रपूरचा माणूस उठून उभा राहील. खुशीत असली की मला "अन्ना" म्हणायची, रागात असली की "ड्रायव्हर साहेब". तिकिटाची मशीन गळ्यात अडकवून ती पहिल्या दिवशी गाडीत चढली, तेव्हा डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ बांधलेला होता. फक्त डोळे दिसत होते.

त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तशा असतात. चंद्रपूरच्या उन्हात उघड्या तोंडानं फिरणं म्हणजे तव्यावर भाकरीशेजारी जाऊन बसणं. स्कूटरवरून चार जणी गेल्या तर त्यांतली आपली मुलगी कोणती, हे बापालासुद्धा चपलेवरून ओळखावं लागतं. एप्रिल गेला, मे गेला. मग मृग लागला, रस्ते ओले झाले, सगळ्या पोरींची तोंडं पुन्हा जगाला दिसू लागली. आमच्या कंडक्टरबाईंचं नाही दिसलं. जुलै उजाडला तरी स्कार्फ तसाच. चहा प्यायचा तोसुद्धा कँटीनच्या भिंतीकडे तोंड करून, स्कार्फ खालून जरासा उचलून.

मी म्हटलं, "काय गं, ढगातही ऊन लागते का तुले?"

"लागते, ड्रायव्हर साहेब," ती म्हणाली. म्हटलं, विषय संपला.

तो विषय एका पोत्यानं उघडला. पडोलीला एक माणूस खांद्यावर पोतं घेऊन उतरत होता. पोत्याच्या सुतळीत तिचा स्कार्फ अडकला, आणि माणूस उतरला तसा स्कार्फही त्याच्यासोबत उतरला. मी समोरच्या आरशात पाहिलं. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं कानापर्यंत बोराएवढ्या गाठी. काही लालभडक, काही जांभळ्या पडलेल्या, काहींत पू धरलेला. त्यावर रोज आवळून बांधलेल्या कापडाचा वळ. तिनं खाली वाकून स्कार्फ उचलला, झटकला, पुन्हा बांधला आणि डबल बेल मारली. गाडी निघाली. मी मात्र पुढच्या थांब्यापर्यंत तिसऱ्या गिअरवरच होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीत आरोग्य परिषद भरू लागली. अध्यक्षस्थानी भाजीवाली बाई. "मोहाच्या बियाचं तेल लावजो बाई, गरम करून. माह्या सासूचं गुडघं त्यानंच बरं झालं." गुडघ्याचा आणि गालाचा संबंध तिला कुणी विचारला नाही. तिच्या शेजारी चाचा. यांचं चंद्रपूरला शिलाईचं दुकान, घर भद्रावतीला, आणि बोलणं दोन्ही गावांच्या मधलं. "बेटा, मुलतानी मिट्टी और गुलाबजल. आमच्या घरात सगळ्यायनं लावलं." मागच्या सीटवरून कुणी टूथपेस्ट सुचवली. कुणी म्हणालं, रक्तात गरमी आहे. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका जाहीर करून मोकळे झाले, "लग्न झालं का आपोआप जाते." हा उपाय सगळ्यांना इतका आवडला की त्यावर बराच वेळ चर्चा चालली.

ती सगळ्यांना तिकीट देत होती आणि एकेकाचा उपाय घरी जाऊन करतही होती, हे मला नंतर कळलं. तेल लावलं, माती लावली, दिवसातून सहा वेळा साबणानं घासघासून तोंड धुतलं. गाठी वाढत गेल्या.

आणि मग परिषदेत सर्वांत ज्ञानी माणसानं तोंड घातलं. म्हणजे मी.

माझ्या पुतण्याच्या लग्नाआधी त्याच्या तोंडावर काहीतरी उठलं होतं आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका ट्यूबनं ते चार दिवसांत गेलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती ट्यूब आणली, कागदात गुंडाळली आणि राजानं सरदाराला तलवार द्यावी तशी तिच्या हातात दिली. "लाव. चार दिवसांत पाह्य."

चार नाही, पण आठ दिवसांत लाली उतरली. गाठी बसल्यासारख्या वाटू लागल्या. पोरगी स्कार्फ सैल बांधू लागली, आणि एका सकाळी तो गळ्यातच होता. बसभर आनंद. भाजीवाली म्हणे माझं तेल, चाचा म्हणे माझी माती. मी काही बोललो नाही, फक्त आरशात बघून मिशीवरून हात फिरवला. राक्षसाला इतकं विनयशील कधी कुणी पाहिलं नसेल.

ट्यूब संपली. तिनं स्वतः दुसरी आणली. तीही संपली, आणि मग दोन दिवस दुकानात मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा स्कार्फ पुन्हा डोळ्यांपर्यंत होता. शेवटचा प्रवासी उतरल्यावर ती ड्रायव्हरच्या जाळीपाशी आली आणि तिनं तो काढला. चेहरा पेटल्यासारखा लाल. कातडी पातळ, चकचकीत, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट गाठी. बोलताना ओठाची कड दुखत होती, म्हणून ती जपून बोलली.

"अन्ना, अर्ज लिहिला मी. मले आतलं काम पाहिजे. आफिसात, मागं, कुठीही. लोकायपुढं नाई." मग तिनं कागद पुढे केला. "तुमी जुने आहात. तुमी साहेबांना सांगा."

मी तो कागद घेतला. घडी करून खिशात ठेवला. ही पोरगी या कामासाठी दोन वर्षं अभ्यास करत होती. बॅज मिळाला त्या दिवशी तिच्या अम्मानं अख्ख्या गल्लीला लाडू वाटले होते. त्यांच्या गल्लीतून कंडक्टर झालेली ती पहिली मुलगी. आणि तिला ते काम मनापासून आवडायचं. गर्दीत वाट काढायला, थांबे ओरडायला, भांडणाऱ्यांना बसवायला. एकदा मागच्या खोलीत गेली की ती काही बाहेर यायची नाही, हे मला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं. लोकांनी एकदा ठरवून दिलेल्या जागेवरून माणूस उठत नाही. मी स्वतः तीस वर्षं राक्षस आहे.

घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ट्यूबचंसुद्धा. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"तुमी डॉक्टर कवा झाले?"

"चांगल्यासाठीच दिली नं."

"तुमच्या आईनं राख लावली तेही चांगल्यासाठीच होतं. पाह्यला का आरसा?" मग पिठाचे हात पुसून म्हणाली, "अर्ज खिशातच राहू द्या. उद्या तुमची सुट्टी हाय, तिचीही हाय. चंद्रपूरले चामडीच्या डॉक्टरकडं नेऊ. मी येते. तुमच्या एकट्यावर इस्वास नाई मले."

त्वचेच्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान आणि माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांहून कडक होत्या. पोरीचा चेहरा त्यांनी दिव्याखाली हळूहळू तपासला. कुठंही दाबलं नाही. मग रिकामी ट्यूब हातात घेतली, उलटी करून नाव वाचलं, आणि विचारलं, "हे कोणी दिलं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. न्यायालयाच्या प्रवेशात आरोपी जसा उभा राहतो तसा.

"मी, मॅडम."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाई. ड्रायव्हर."

"मग मी तुमची बस चालवायला घेऊ का उद्या?"

बायको इतकी हसली की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटनं आत डोकावून पाहिलं. पोरगीही हसली, आणि हसताना दुखलं म्हणून गाल धरला. बाईंनी समजावलं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. सुरुवातीला लाली दबते, वाटतं बरं झालं, आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं. आत कातडी नाजूक होत जाते ती वेगळीच. पोरीला त्या म्हणाल्या, "हे तुझ्या अस्वच्छतेमुळे नाही, रक्तामुळे नाही, आणि तू काही चुकीचं केलंस म्हणूनही नाही. हा आजार आहे, जोराचा आहे, आणि याला औषध आहे. लवकर आलीस तर खड्डेही कमी पडतील."

हे वाक्य मी भिंतीकडे बघत ऐकलं.

मग मला बाहेर काढण्यात आलं. गोळीबद्दल बायकांशी बोलायचं होतं. बायकोनं नंतर सांगितलं तेवढं मला माहीत: आधी चिडलेली कातडी शांत करायची, मग गोळी. गोळी जबरदस्त, म्हणून मध्ये मध्ये रक्त तपासायचं, आणि गोळी चालू असताना व नंतरही बाई सांगतील तोवर गरोदर राहायचं नाही, कारण पोटातल्या बाळाला त्यानं मोठा धोका. पहिले काही आठवडे पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतील, तेव्हा घाबरून सोडायचं नाही, फोन करायचा. ओठ कोरडे पडतील. महिने लागतील, दिवस नव्हे.

मग मला पुन्हा आत बोलावलं. आणि घरचं? मला वाटलं होतं आता मोठी यादी मिळेल. बाई म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉशनं, हलक्या हातानं तोंड धुवायचं. घासायचं नाही. वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. फोडायचं नाही, नखही लावायचं नाही. स्कार्फ बांधायचाच असेल तर मऊ सुती, सैल, आणि रोज धुतलेला. बाकी तोंडावर काहीही नाही. तेल नाही, माती नाही, लिंबू नाही. "आणि बसमधले उपाय," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसमध्येच ठेवायचे."

म्हणून ती घोषणा.

पहिले दोन दिवस लोकांना वाटलं मी गंमत करतोय. तिसऱ्या दिवशी चाचा विसरले. "बेटा, ओठ बहुत सुखले तुझे, थोडं लोणी..."

मी ताडाळीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली. बाहेर एक बैल आमच्याकडे बघत रवंथ करत होता. कारखान्यातले काका घड्याळ बघू लागले. कॉलेजवाली पोरं ओरडली, "चाचा, वापस घ्या! पेपर हाय आमचा!"

"अरे, लोणी म्हणालो, जहर थोडी!"

"चाचा!" अख्खी बस.

"घेतलं, घेतलं वापस! लोणी मी माझ्या रोटीवर लावीन!"

ती मागे उभी राहून इतकी हसली की मशीनमधून एकाच माणसाची दोन तिकिटं निघाली.

पण पुढचे आठवडे हसण्यासारखे नव्हते. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. जुन्या गाठी खाली बसायच्या आधी नव्या आल्या. ओठ फुटून रक्त आलं. एका दुपारी चंद्रपूरच्या स्टँडवर ती रिकाम्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून होती. म्हणाली, "अन्ना, अर्ज कुठी हाय?"

खिशातच होता. "घरी," मी खोटं बोललो. "डॉक्टरले फोन केला का?"

"केला. त्या म्हणाल्या, होते असं, थांब. ये दाखवायले शुक्रवारी." मग तिनं विचारलं, "तुमाले कोणी सांगितलं होतं का थांब म्हणून? तुमच्या वेळी?"

"नाई," मी म्हटलं. "मले सगळ्यायनं लावलं. थांब कोणी नाई म्हटलं."

ती माझ्या गालांकडे बघत राहिली. लोक बघतात आणि नजर काढून घेतात, तसं नाही, सरळ. मग उठली, पाण्याची बाटली काढली, ओठांना डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावलं आणि दारात उभी राहून "भद्रावती, भद्रावती" ओरडू लागली. आवाज जरा फाटका होता, पण होता.

गाडीतली माणसंही थांबली तिच्यासोबत. भाजीवाली बाई मोहाचं नावसुद्धा घेत नसे. फक्त उतरताना तिला म्हणायची, "जेवली का गं?" ते सल्ल्यात मोडतं का, यावर एकदा वाद झाला. मी निकाल दिला की मोडत नाही. चाचांनी त्यांच्या दुकानातून मऊ मलमलचे चार स्कार्फ शिवून आणले, कडा दुमडून, टोचू नयेत म्हणून. देताना एक शब्द बोलले नाहीत. तोंडावर हात ठेवून त्यांनी मला दाखवलंसुद्धा, की बघा, गप्प आहे.

दिवाळीनंतर गाठी कमी होऊ लागल्या. एकदम नाही. एका गालावर आधी, मग हनुवटीवर. डाग राहिले, लालसर आणि तपकिरी, आणि उजव्या जबड्याजवळ दोन-तीन खड्डे. ते थोडे राहतील, बाकी फिके पडतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळी अजून चालूच होती. थंडी आली, तरी स्कार्फ काही सुटला नाही. एव्हाना चेहऱ्यापेक्षा स्कार्फच तिच्या सवयीचा झाला होता, आणि ते मला गाठींपेक्षा जास्त टोचत होतं. बोलायची मात्र सोय नव्हती. सल्लाबंदी मीच केली होती.

मग जानेवारीतली एक सकाळ. ती डेपोतून आली, मशीन गळ्यात, केस वेणीत, चेहरा उघडा. पायरीवर क्षणभर थांबली. मी आरसा पुसायला घेतला, म्हणजे बघायला नको. गाडीत रोजचेच लोक होते. भाजीवाली टोपलीत काहीतरी शोधू लागली, चाचा छताकडे बघू लागले, कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये शिरली. चाळीस माणसं इतक्या कष्टानं न बघता बसलेली मी नाटकाच्या तालमीतही पाहिली नाहीत. ती तिकिटं देत सरकत होती, आणि तिचा आवाज आज थांबे सांगताना बारीक येत होता. मनात म्हटलं, एक कुणी चुकून तोंड उघडलं, की हिचा अर्ज उद्या साहेबांच्या टेबलावर.

घोडपेठला एक नवखा माणूस चढला. सोबत तुरीच्या काड्यांचा भलामोठा भारा. दाराला अडकलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर. घोषणा त्यानं ऐकली नव्हती, या गाडीचे नियम त्याला माहीत नव्हते. भारा त्यानं वाटेतच आपटला आणि त्यावर बसकण मारली.

"उठा," ती म्हणाली. "वाटेत नाई ठेवायचं. वर टपावर टाका, नाई तं खाली उतरा."

"राहू दे नं बाई, दोन स्टॉप तं जायचं हाय."

"दोन काय, अर्धा असला तरी नाई! म्हातारी माणसं उतरतील कशी? तुमच्या काड्यांवरून उड्या मारतील का? उठा म्हटलं नं! भाऊ, मी तुमच्याशी बोलून राह्यली, खिडकीशी नाई!"

तो आवाज. ताडाळीहून चंद्रपूरला पोचणारा. त्या माणसानं मान वर केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, एकटक, डागांसकट, खड्ड्यांसकट. चाचांनी छतावरून नजर काढली. भाजीवालीचा हात टोपलीत थांबला. तो माणूस तोंड उघडतोय हे मला आरशात दिसलं, आणि मी डोळे मिटून घेतले, जे ड्रायव्हरनं कधीही करू नये, पण गाडी उभी होती.

तो उठला, भारा ओढत दाराकडे निघाला, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"तोंडावरून किती गरीब वाटते ही पोरगी, अन् भांडते पाह्य कशी!"